ओटीपोटातलं दुखणं आणि अवेळी रक्तस्राव: पिशवी काढण्याआधी काय काय तपासायचं?

मोगरा_भांडुप

नमस्कार मंडळी. वहिनीसाठी विचारतेय. वय ४२, दोन मुलं, दोन्ही सिझेरियन. ती पोळीभाजी केंद्र चालवते, म्हणजे पहाटेपासून दुपारपर्यंत ओट्यापाशी उभी. गेलं वर्षभर तिच्या पाळीचा काही भरवसा राहिलेला नाही. आली की आठ-दहा दिवस अंगावरून जातं, पहिले तीन दिवस गाठी पडतात, आणि दोन पाळ्यांच्या मधेही डाग लागतात. ओटीपोटातली कळ कंबरेतून मांड्यांत उतरते. परवा तव्यावर पोळी तशीच टाकून ती खाली बसली, तोंड पांढरंफटक पडलं होतं. हिमोग्लोबिन ८.२ आलंय.

जवळच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. "पिशवीला सूज आहे, काढून टाका, पुढच्या आठवड्यात करून घेऊ" म्हणाले. आई म्हणते, दोन मुलं झाली, आता पिशवीचं काय काम आहे? वहिनी घाबरलीय आणि त्या भरात हो म्हणून मोकळी होईल. पण हे कशामुळे होतंय ते कुणी सांगितलेलंच नाही. काय काय कारणं असू शकतात? ऑपरेशनआधी कुठल्या तपासण्या करून घ्यायच्या?

तिन्हीसांज

आधी थोडी माहिती द्या, म्हणजे जाणकारांना सांगणं सोपं जाईल. कॉपर-टी बसवलीय का? रक्त पातळ करायच्या गोळ्या, हार्मोनच्या गोळ्या, मेडिकलमधून परस्पर आणलेली, संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून घ्यायची 'सकाळची' गोळी असं काही? संबंधानंतर रक्त दिसतं का? पांढरं जातं का, त्याला वास आहे का? ताप? थायरॉईड कधी तपासलंय?

मोगरा_भांडुप

कॉपर-टी नाही, दुसऱ्या सिझेरियनच्या वेळीच ऑपरेशन झालंय. गोळ्या फक्त दुखण्याच्या. बाकीचं विचारायला संकोच वाटत होता, पण विचारलं. संबंधानंतर रक्त नाही, ताप नाही, वास नाही. थायरॉईड कधीच तपासलेलं नाही.

स्त्रीरोग_परळ

मोगराताई, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. इथे बसून निदान करता येत नाही, पण विचार कसा करायचा तेवढं सांगते.

सर्वात आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट. मुलं बंद व्हायचं ऑपरेशन झालं असलं तरी. असं ऑपरेशन क्वचित फसतं, आणि फसलं तर गर्भ नळीत राहण्याची शक्यता बरीच असते. स्वस्तात होणारी तपासणी आहे, ती वगळून पुढे जाऊ नये.

आता कारणं. अवेळी किंवा जास्त रक्तस्रावाची कारणं जगभरचे डॉक्टर २०११ पासून एका ठरावीक पद्धतीने मांडतात. एका बाजूला पिशवीच्या रचनेत दिसणाऱ्या गोष्टी: आतल्या अस्तराचा कोंब म्हणजे पॉलिप, अस्तर पिशवीच्या स्नायूत शिरणं म्हणजे अ‍ॅडिनोमायोसिस, फायब्रॉईड म्हणजे पिशवीच्या स्नायूच्या साध्या गाठी, आणि कर्करोग किंवा त्याआधीची अस्तराची वाढ. दुसऱ्या बाजूला सोनोग्राफीत न दिसणाऱ्या गोष्टी: रक्त न गोठण्याचा आजार, बीज वेळेवर न सुटणं (पीसीओएस म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोनचा बिघाड, थायरॉईड, प्रोलॅक्टिन म्हणजे दूध येण्याचं हार्मोन वाढणं, पाळी जायच्या आधीची वर्षं), अस्तराचेच दोष, आणि औषधं किंवा कॉपर-टी. एकाच बाईला यातली दोन कारणं असू शकतात, आणि चाळिशीत ते नेहमीचं आहे.

दुखणं कधी होतं ते बारकाईने विचारा. पाळीच्या आधी दोन दिवस सुरू होऊन पाळीत वाढणारं दुखणं, जोडीला भरपूर रक्त आणि सिझेरियन झालेली चाळिशीतली बाई, असं असलं की माझ्या मनात पहिल्यांदा अ‍ॅडिनोमायोसिस येतं. पाळी संपल्यावर चार-पाच दिवस तपकिरी डाग लागत असतील तर सिझेरियनच्या जुन्या टाक्यांजवळ खोबण राहिलीय का, तेही बघावं लागतं. तिथे रक्त साचतं आणि मागाहून येतं. फायब्रॉईडचं सगळं जागेवर अवलंबून असतं. पिशवीच्या आत डोकावणारी दोन सेंटीमीटरची गाठ खूप रक्त घालवते, आणि बाहेरच्या बाजूला वाढलेली सहा सेंटीमीटरची गाठ नुसतीच लघवीला वारंवार धाव घ्यायला लावते. म्हणून "गाठ आहे" एवढ्यावर थांबू नका, कुठे आहे ते विचारा.

'पिशवीला सूज' हे निदान म्हणून मी मान्य करणार नाही. रिपोर्टमधलं शेवटचं 'मत' इथे टाका. शिवाय सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉईडची तपासणी), पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशींची तपासणी), खालून म्हणजे योनीतून केलेली सोनोग्राफी. आणि चाळिशी ओलांडलेल्या बाईचं रक्त असं अवेळी जात असेल तर अस्तराचा तुकडा तपासल्याशिवाय पिशवी काढायचा निर्णय घेऊ नये. तो तुकडा बऱ्याचदा ओपीडीतच, भूल न देता घेता येतो.

केवडा

डॉक्टरबाई, तुमच्या 'दुखणं कधी' या वाक्याला हजार वेळा अनुमोदन.

मला एंडोमेट्रिओसिस आहे, म्हणजे पिशवीच्या आतल्यासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढतं. कॉलेजपासून पाळीत दुखायचं आणि घरात उत्तर ठरलेलं: सगळ्यांनाच दुखतं, लग्न झालं की थांबेल. लग्न झालं, थांबलं नाही, उलट संबंधांच्या वेळीही दुखायला लागलं. ठाण्याहून दादरला लोकलने जायचे. लेडीज डब्यात चौथी सीट मिळाली तरी बसता यायचं नाही, कारण बसलं की गुदद्वाराकडे सुरी फिरवल्यासारखं व्हायचं. पाळीच्या दिवसांत शौचाला जाणं ही शिक्षा होती. हे मी कुणाला सांगणार? पोटाच्या डॉक्टरांकडे गेले, आयबीएसची, म्हणजे नाजूक झालेल्या आतड्याची, औषधं मिळाली. सोनोग्राफी प्रत्येक वेळी नॉर्मल.

शेवटी एका बाईंनी विचारलं, "शौचाला दुखणं रोज असतं की फक्त पाळीत?" त्या एका प्रश्नावर पुढची सगळी दिशा ठरली. एमआरआय केला, मग दुर्बिणीतून ऑपरेशन. पिशवीच्या मागच्या बाजूला आतड्यापर्यंत चिकटलेलं होतं. आता डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी रोज, पाळी बंद आहे, आणि मी खिडकीशी बसून प्रवास करते.

सांगायचं हे की नॉर्मल सोनोग्राफी म्हणजे 'काही नाही' असं नव्हे. अंडाशयात रक्ताची गाठ नसेल तर हा आजार साध्या सोनोग्राफीत सहज निसटतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की पाळी येण्याच्या वयातल्या जवळपास १० टक्के बायकांना हा असतो. आपल्या आसपास इतक्या जणी असतील आणि आपण सगळ्यांना गरम पाण्याची पिशवी देऊन गप्प बसवतो, याचा मला फार राग येतो.

निवृत्त_आरोग्यसेविका

मी अनेक वर्षं वस्त्यांमध्ये काम केलं. वरती तिन्हीसांज यांनी संबंधानंतर रक्त येतं का हे विचारलं ते फार बरं झालं. हा प्रश्न बायकांना कुणी विचारत नाही आणि त्या आपणहून सांगत नाहीत. मी घरी गेले की आधी सासू उठून जायची वाट बघायचे, मगच विषय काढायचे.

संबंधानंतर रक्त हे कधी साध्या इन्फेक्शनमुळे असतं, कधी गर्भाशयाच्या तोंडावरच्या कोंबामुळे, पण तो गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा सुरुवातीचा इशाराही असतो. याची तपासणी फार खर्चिक नाही. टाटा मेमोरियलने मुंबईच्याच वस्त्यांमध्ये १९९८ पासून मोठा अभ्यास केला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका त्यात होत्या. प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, लावून उजेडात बघायचं, पांढरा डाग उमटला तर पुढे पाठवायचं. दर दोन वर्षांनी एक फेरी, अशा चार फेऱ्या. या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. डॉक्टर नसताना, दहावी-बारावी शिकलेल्या मुलींनी केलेलं हे काम आहे, त्याचा मला अभिमान वाटतो.

घरात मुली असतील तर एचपीव्हीची, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूविरुद्धची, लस जरूर विचारा. पुण्याच्या सीरमची लस २०२३ पासून बाजारात आहे.

चाफा_गिरगाव

एक कारण अजून कुणी लिहिलं नाही. टीबी.

माझ्या बाबतीत उलटं होतं, पाळी कमी कमी होत गेली, मग दोन-दोन महिने यायचीच नाही, आणि ओटीपोटात सतत मंद ठणका. खोकला नाही, ताप नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ. मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्या आणि अस्तराच्या तुकड्यात टीबी सापडला. नळ्या दोन्ही बंद. गर्भाशयाच्या टीबीत बहुतेक वेळा सुरुवात नळ्यांपासूनच होते असं नंतर कळलं. सहा महिने औषधं घेतली, सरकारी केंद्रातून, फुकट. दुखणं गेलं. नळ्या मात्र उघडल्या नाहीत.

मुंबईत टीबी किती आहे हे आपल्याला माहीत आहे, पण तो फुफ्फुसातच असतो असं डोक्यात बसलेलं असतं. तुकडा तपासायला देताना टीबीसाठीही पाठवा म्हणून सांगा. त्याचा नमुना फॉर्मेलिनमध्ये नाही, सलाईनमध्ये द्यावा लागतो. एकदा सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये गेला की कल्चर (जंतू वाढवून बघणं) आणि जीन एक्सपर्ट (जंतूंची जनुकीय तपासणी) यांसाठी काही उरत नाही.

सह्याद्री_वारा

बायकांच्या धाग्यावर पुरुषाने लिहिणं चालेल ना? बायकोच्या बाबतीत घडलेलं लिहितो.

पाळी आठवडाभर लांबली होती, मग थोडे डाग दिसले. तिला वाटलं पाळी आली. उजव्या बाजूला दुखत होतं, तेही फार नाही. रविवारी दुपारी म्हणाली, खांदा दुखतोय. मी बाम चोळला. संध्याकाळी बाथरूममधून बाहेर येताना चक्कर येऊन पडली. रिक्षाने इस्पितळात नेलं तेव्हा पोटात रक्त साचलेलं होतं, नळीतला गर्भ फुटला होता. रात्रीच ऑपरेशन झालं, ती आज ठणठणीत आहे.

खांद्याचा आणि पोटाचा काय संबंध हे मला डॉक्टरांनी सांगितलं. पोटातलं रक्त श्वासपटलाला लागलं की दुखणं खांद्याच्या टोकाला जाणवतं. हे प्रत्येक घरातल्या पुरुषाला माहीत असायला हवं.

स्त्रीरोग_परळ

सह्याद्री, जरूर लिहा, असं लिहिणारे पुरुष कमी आहेत.

यालाच जोडून: पाळी चुकलेली असताना एका बाजूला दुखणं; चक्कर, घाम, खांद्यात कळ; अचानक उठलेली असह्य कळ आणि उलट्या (अंडाशय गाठीसकट पिळवटलं तर असं होतं, आणि काही तासांत ते सोडवावं लागतं); ताप आणि ओटीपोटाला हात लावू न देणं; तासाला एक पॅड भिजणं, तेही लागोपाठ दोन-तीन तास. यातलं काहीही असलं तर सकाळची वाट बघू नका, तातडीच्या विभागात जा. फोरमवर विचारत बसू नका.

चाफा, सलाईनचा मुद्दा लाखमोलाचा. तो अनेकदा राहून जातो.

रानजाई

माझी मुलगी तेराची. पहिल्या पाळीपासूनच पूर, रात्री दोन पॅड एकाखाली एक लावूनही चादर खराब. "सुरुवातीला असंच असतं, बसेल घडी" हे मीही ऐकत होते. शाळेत बेंचवर डाग पडला म्हणून ती त्या दिवसांत जाईनाशी झाली. तिच्या हिरड्यांतून रक्त यायचं, दाताच्या वेळी रक्त थांबता थांबत नव्हतं, जरा आपटलं की काळंनिळं. नवीन डॉक्टरांनी हे सगळं एकत्र जोडून विचारलं. तिला व्हॉन विलेब्रँडचा आजार निघाला, म्हणजे रक्त गोठवणारं एक प्रथिन कमी. केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, एनआयआयएच संस्था आहे, तिथे असल्या रक्ताच्या आजारांचंच काम चालतं. आता त्या दिवसांत रक्त कमी जावं म्हणून ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड घेते, शाळा चुकत नाही. अ‍ॅस्पिरिन आणि तशा दुखण्याच्या गोळ्या तिला पूर्ण बंद आहेत. लहान मुलीला जास्त जात असेल तर हे जरूर तपासा.

मोगरा_भांडुप

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, वहिनीला रात्री बसून वाचून दाखवलं. केवडाचं वाचताना ती रडली.

दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. टेस्ट निगेटिव्ह. टीएसएच थोडं वाढलेलं, ७.१. खालून केलेल्या सोनोग्राफीत लिहिलंय: पिशवी मोठी, मागची भिंत जाड, अ‍ॅडिनोमायोसिस, पोकळीत १३ मिलिमीटरचा पॉलिप असावा, अंडाशयं नॉर्मल. त्या म्हणाल्या, दुर्बिणीतून पॉलिप काढू, तेव्हाच तुकडा घेऊ, रिपोर्ट चांगला आला तर मिरेना बसवू. हे बरोबर वाटतं का? आई अजून म्हणतेय की एकदाच काढून मोकळं व्हा.

स्त्रीरोग_परळ

बरोबर वाटतं. मधले डाग पॉलिपमुळे असू शकतात, गाठी आणि कळा अ‍ॅडिनोमायोसिसमुळे, आणि थायरॉईड त्यात भर घालतं. तीन गोष्टी, तिन्हींचा इलाज वेगळा.

मिरेना कॉपर-टीसारखीच दिसते, पण काम उलटं करते. कॉपर-टीने रक्त वाढू शकतं. मिरेना आतल्या आत थोडं थोडं हार्मोन सोडून अस्तर पातळ ठेवते. पहिले तीन ते सहा महिने डाग लागत राहतात, हे वहिनींना आधीच सांगून ठेवा, नाहीतर "बिघडलं" म्हणून बायका ती काढून टाकतात. जास्त रक्तस्रावासाठी ती साधारण पाच वर्षं चालते, आणि तोवर त्या पाळी जायच्या वयाच्या जवळ आलेल्या असतील.

हिमोग्लोबिन ८.२ घेऊन मोठं ऑपरेशन घाईने करायचं कारण नाही. लोहाची गोळी चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. पोटाला सोसत नसेल तर शिरेतून लोह देतात. आकडा १२ च्या वर गेला तरी गोळ्या आणखी तीनेक महिने चालू ठेवायच्या, साठा भरायला.

शिरीष_फुलं

जरा दुसरी बाजूही मांडते. मी पिशवी काढलीय आणि मला पश्चात्ताप नाही. फायब्रॉईड मोठे, गोळ्या झाल्या, मिरेना आपोआप पडली, तीनदा रक्त चढवलं. ऑपरेशननंतर मी माणसात आले. तेव्हा पिशवी काढणं म्हणजे पाप असा सूर नको.

निवृत्त_आरोग्यसेविका

शिरीषताई, तुमच्या बाबतीत कारण सापडलं होतं, इतर इलाज झाले होते आणि निर्णय तुमचा होता. माझा जीव तुटतो तो बाकीच्यांसाठी. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांचं २०१९ मध्ये सगळ्या राज्यासमोर आलं. तिशीतल्या बायका, पांढरं जातंय, पोट दुखतंय म्हणून गेल्या आणि पिशवी काढून आल्या. कुणी 'कॅन्सर होईल' म्हणून भीती घातली होती. त्यातल्या कित्येकींना कदाचित साधं इन्फेक्शन असेल, अँटिबायोटिकने बरं होणारं, नवऱ्यालाही सोबत औषध द्यावं लागणारं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना अनावश्यक पिशवी काढण्याविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं.

मोगरा, आईंना एवढं सांगा की पिशवीसोबत अंडाशयंही काढली, तर वहिनीची पाळी बेचाळिसाव्या वर्षी एका दिवसात जाईल. हाडं आणि हृदय दोन्हीला ते जड जातं. तिला अजून वीस वर्षं पोळ्या लाटायच्या आहेत.

तुळस_वृंदावन

माझ्या आईला, वय ६३, पाळी जाऊन बारा वर्षं झाली. गेल्या आठवड्यात दोन दिवस किंचित गुलाबी डाग दिसला. आता काही नाही. ती म्हणते उष्णतेने झालं असेल. दाखवायची गरज आहे का?

स्त्रीरोग_परळ

आहे, याच आठवड्यात. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब दिसला तरी तो तपासायचा असतो. बहुतेकींना साधा कोरडेपणा निघतो, पण अस्तराचा कर्करोग हा असाच, दुखण्याशिवाय, एका डागाने सुरू होतो, आणि त्या टप्प्यावर सापडला तर इलाज उत्तम होतो. खालून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी बघतात. चार मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर तुकडा घेतात. जाडी कमी असूनही पुन्हा डाग लागला तर तरीही तुकडा. मधुमेह, वजन किंवा स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

अनामिक_२३

मी वाचत होते, लिहायचं धाडस आत्ता झालं. वय २३, लग्न झालेलं नाही, अंधेरीला नोकरी. चार महिने पाळी आलेली नाही, आणि त्याआधी आली ती तीन आठवडे थांबलीच नाही. अंगावर केस वाढलेत. एका ठिकाणी गेले तर "लग्नानंतर बघू, आधी वजन कमी कर" असं ऐकवून परत पाठवलं. आईला सांगितलं तर ती सोनोग्राफी म्हटल्यावर घाबरते. मला एकटीला जाता येईल का?

स्त्रीरोग_परळ

नक्की जाता येईल. तुझं वय १८ च्या वर आहे, तपासणीला संमती तुझी, आईची सही लागत नाही. सोनोग्राफी पोटावरून होते. पाणी पिऊन लघवी रोखून जायचं. खालून तपासणी तुझ्या परवानगीशिवाय कुणी करणार नाही. तुला नको असेल तर "पोटावरूनच करा" असं स्पष्ट म्हण.

हे पीसीओएस असू शकतं, पण टीएसएच, प्रोलॅक्टिन, साखर आणि टेस्टोस्टेरॉन बघितल्याशिवाय तो शिक्का नको. प्रेग्नन्सी टेस्ट सगळ्यांचीच करतात, तिचं वाईट वाटून घेऊ नकोस. 'लग्नानंतर बघू' हे चुकीचं आहे. तीन महिन्यांहून जास्त पाळी आली नाही की आत अस्तर वाढत राहतं, मग ते अर्धवट सुटतं आणि तीन-तीन आठवडे रक्त जातं. ते गोळ्या देऊन वेळच्या वेळी बाहेर काढावं लागतं, वय कितीही असो.

परळला आयसीएमआरचीच एनआयआरआरसीएच संस्था आहे, प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी, तिथे पीसीओएसची चौकशी कर. नाहीतर पालिकेच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाची स्त्रीरोग ओपीडी. सकाळी लवकर जा, केसपेपरची रांग मोठी असते. साखरेच्या तपासणीसाठी उपाशी जा आणि गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा आठवतील तशा कागदावर लिहून ने.

केवडा

अनामिक, सोबत हवी असेल तर मला निरोप पाठव. मी शनिवारी परळलाच असते.